‘मागे ने’ म्हणजे कुठवर?

“मॅडम, उद्याचे पेशंट दिसूनच नाही राह्यले. सकाळी मीच टाकले होते जी, माह्या हातानं.”

फोन आमच्याच जिल्ह्यातल्या एका डायलिसिस केंद्रावरून होता. बोलत होते तिथले टेक्निशियन, गजाननभाऊ. दुपारचे सव्वादोन वाजले होते. मी अमडापूरला, सासरच्या घरी, वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले होते. खरं तर तक्रार करायला कंपनीचा सपोर्ट नंबर आहे. पण माझं माहेर जळगाव जामोदचं आणि गजाननभाऊही तिकडचेच. त्यामुळे सपोर्टवाल्यांनी फोन उचलायला वेळ लावला की ते सरळ मला फोन लावायचे.

“किती पेशंट दिसत नाहीत?” मी विचारलं.

“अकरानंतर टाकलेले सगळेच. एकही नाही.”

मी म्हटलं, “पाच मिनिटं द्या.” त्या पाच मिनिटांत आणखी दोन केंद्रांचे फोन आले. तक्रार तीच.

आमची कंपनी पुण्याची. डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कोणत्या पेशंटने कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीला, कोणत्या मशीनवर यायचं ते त्यात असतं. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून दोनदा-तीनदा चार-चार तास मशीनवर बसावं लागतं. एक वार चुकला तर अंगात पाणी साठतं. त्यामुळे ही यादी गहाळ होणं म्हणजे नुसता सॉफ्टवेअरचा घोळ नसतो.

माझं काम डिप्लॉयमेंटचं. म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार झाली की ती चालू यंत्रणेवर चढवायची, आणि बिघडली तर उतरवायची. पूर्वी हे आम्ही माणसंच करायचो. वर्षभरापासून एक एआय एजंट करतो. एजंट म्हणजे असा प्रोग्राम, ज्याला आपण साध्या भाषेत काम सांगतो आणि ते कसं करायचं हे तो स्वतः ठरवतो. त्याच्या हाताशी काही टूल्स दिलेली असतात. आमच्याकडे चौदा होती. प्रत्येक टूलला एक नाव आणि त्याखाली एक वर्णन. टूल कशासाठी आहे हे एजंटला त्या वर्णनावरूनच कळतं. त्या टूलच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही.

एजंटने दिवसभरात काय केलं याची नोंद असते, ती मी उघडली. दोन वाजून चार मिनिटांनी त्याने लिहिलं होतं: नव्या आवृत्तीत एरर वाढल्या आहेत. यंत्रणा मागच्या स्थितीत नेत आहे. काम पूर्ण झाले.

कोणतं टूल वापरलं ते पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

मागे नेणारी टूल्स आमच्याकडे दोन होती. एक रोलबॅक. ते फक्त सॉफ्टवेअर मागच्या आवृत्तीवर नेतं, नोंदींना हात लावत नाही. दुसरं रिस्टोअर. ते स्नॅपशॉटवर नेतं. स्नॅपशॉट म्हणजे सगळ्या यंत्रणेचा, आतल्या नोंदींसकट, त्या क्षणी काढून ठेवलेला फोटो. आमचा त्या दिवशीचा फोटो सकाळी अकराचा होता. एजंटने रिस्टोअर वापरलं होतं. अकरा ते दोन या वेळात बारा केंद्रांनी भरलेलं सगळं पुसलं गेलं होतं.

एजंटची यात चूक नव्हती. पहिल्या टूलचं वर्णन होतं, ‘यंत्रणा मागच्या स्थितीत नेते.’ दुसऱ्याचं होतं, ‘यंत्रणा आधीच्या स्थितीत नेते.’ या दोन वाक्यांतून कोणालाही निवडायला सांगा. शंभरातली पन्नास माणसं चुकतील.

ती दोन्ही वाक्यं मी लिहिली होती.

आमचा मॅनेजर अनिरुद्ध. माझ्यापेक्षा वयाने लहान, स्वभावाने बरा. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. डेटाबेसवाले लगेच कामाला लागले. गेलेल्या नोंदी लॉगमधून, म्हणजे यंत्रणा आपोआप लिहिते त्या रोजनिशीतून, परत काढता येतात, पण त्याला उद्याची दुपार उजाडेल असं ते म्हणाले.

“पहिली पाळी सकाळी सातला असते,” मी म्हटलं.

“मग?”

“मग फोन. केंद्रांकडे पेशंटचे नंबर आहेत. एकेकाला विचारायचं, तुम्हाला कधी बोलावलंय.”

आम्ही सहाजणांनी केंद्रं वाटून घेतली. वऱ्हाडातली तीन मी घेतली, बोली आपलीच म्हणून. दिवेलागणीपर्यंत मी फोन करत होते. बहुतेकांना दिवस तोंडपाठ होता. ज्याचं जगणंच त्यावर आहे तो दिवस कसा विसरेल? जळगाव जामोदच्या एक शांताबाई होत्या. त्यांनी उलट मलाच धारेवर धरलं.

“बाई, मले तं उद्याच सकाळच्याले बलावलं हाये. तुम्ही काऊन इचारून राह्यल्या? मशीन बंद हाये का?”

“नाही मावशी, मशीन सुरू आहे. नुसतं पाहून राह्यलो.”

“असं कसं नुसतं? माह्या जीव घाबरला ना.”

मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही.

एका गृहस्थांचा फोन लागलाच नाही. ते दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने केंद्रावर आले तेव्हा त्यांचं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. गजाननभाऊंनी त्यांना दुपारच्या पाळीत बसवलं. तोपर्यंत ते बाकावर बसून होते. “पाय सुजले होते काकांचे,” गजाननभाऊ म्हणाले. “आता बरे हायेत. पन मॅडम, असं पुन्हा नका होऊ देऊ.”

दुपारी डेटाबेसवाल्यांनी नोंदी परत आणल्या. आमच्या फोनवरच्या यादीशी जुळवल्या. दोन जागी फरक होता, तो दुरुस्त केला. मग अनिरुद्धने मीटिंग घेतली.

“ही वर्णनं कोणी लिहिली?”

“मी.”

“एवढी छोटी का?”

त्याला आठवत नव्हतं. मला आठवत होतं. एजंट आला तेव्हा तोच म्हणाला होता, “मॉडेल हुशार आहे, त्याला निबंध नको. एका ओळीत कर.” पण ते मी मीटिंगमध्ये बोलले नाही, कारण ते अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं मेधाताईंचं होतं.

मेधाताई आमच्या रिलीज मॅनेजर होत्या. पुण्यात सात वर्षं माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती. कोणती आवृत्ती कधी चढवायची, कधी थांबायचं, कुठल्या बटणाला घाबरायचं, हे सगळं त्या बसल्या जागेवरून सांगायच्या. मी नवीन होते तेव्हा एकदा मीटिंगमध्ये बोलून गेले, “डिप्लॉय होऊन राह्यलं.” सगळे हसले. मी लाल झाले. तेव्हापासून मेधाताईही स्टेटस विचारलं की शांतपणे सांगायच्या, “होऊन राह्यलं.” महिनाभरात अख्खी टीम तसं बोलायला लागली. त्यांनी मला कधी सांगितलं नाही की हे तुझ्यासाठी केलं.

पुढे मिस्टरांना चिखलीच्या शाळेत नोकरी लागली, इकडे सासूबाई पडल्या, त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि मी अमडापूरला आले. काम घरून सुरू राहिलं. बुधवारी आणि शुक्रवारी डिप्लॉयमेंट असायची. त्या दिवशी दुपारभर मेधाताईंचा आवाज कानात असायचा. अधूनमधून कामाचं, बाकी असंच. ते दोन दिवस मला आठवड्यातले पुण्याचे दिवस वाटायचे.

मग एजंट आला. त्याला उभं करणाऱ्या टीममध्ये मी होते. हे काम तो करणार असं ठरल्यावर रिलीज मॅनेजर ही जागाच राहिली नाही. मेधाताईंना कोणी जा म्हणालं नाही. दुसऱ्या विभागात या म्हणाले. त्यांनी लवकर निवृत्ती घेतली. निरोपाचा कार्यक्रम व्हिडिओवर होता. माझं नेटवर्क अडकत होतं. त्या मला एवढंच म्हणाल्या, “नोट्स पाठवल्यात. नीट वाच.”

बावीस पानं होती. प्रत्येक टूलबद्दल, त्यांनी इतकी वर्षं मला बाजूला बसून सांगितलेलं सगळं. मी वाचायला बसले तर प्रत्येक ओळ त्यांच्याच आवाजात ऐकू यायची. तीन पानं वाचून मी फाइल बंद केली. तेवढ्यात अनिरुद्ध म्हणाला, एका ओळीत कर. मला हायसं वाटलं. मी एका दुपारी चौदा ओळी लिहून टाकल्या. नंतर आठ महिने मी त्यांना फोन केला नाही. त्यांचं काम ज्याने घेतलं त्याला मी शिकवत होते. कोणत्या तोंडाने करणार?

“मेधाच्या नोट्स होत्या ना?” मीटिंगमध्ये अनिरुद्धनेच काढलं.

“आहेत. काल रात्री पूर्ण वाचल्या. पण काही ठिकाणी नुसतंच लिहिलंय, ‘तो बुधवारचा गोंधळ आठवा.’ त्यांनाच विचारावं लागेल.”

“मग फोन कर ना. अडचण काय आहे?”

त्याला काय सांगणार?

फोन हातात घेऊन मी जिन्यात दोनदा खाली-वर केलं. काय बोलायचं ते ठरवलं. दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.

“बोल संगीता. काय पडलं?”

आमच्यात ‘पडलं’ म्हणजे सर्व्हर बंद पडला. आठ महिन्यांनी फोन, आणि त्यांचा पहिला प्रश्न हा. ठरवलेलं सगळं मी विसरले.

“ताई, तुमच्या नोट्स मी कापल्या.”

“किती?”

“एका टूलला एक ओळ.”

मग त्यांनी विचारलं, “कोणाला काही झालं का?”

मी बाकावर बसलेल्या त्या काकांचं सांगितलं. त्यांनी वय विचारलं, सूज उतरली का विचारलं, शेवटी बसले का मशीनवर ते दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, “बरं. रडू नकोस. उद्या तीनला फोन कर. नोट्स उघडून बस. सकाळी मी नसते, अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायला जाते.”

दुसऱ्या दिवशीपासून रोज तीन ते चार आम्ही बसलो. सुरुवात अर्थातच त्या दोन टूल्सपासून केली.

“रिस्टोअर काय करतं ते लिहू नकोस आधी,” त्या म्हणाल्या. “कधी वापरायचं नाही ते लिही.”

अर्ध्या तासाने जे तयार झालं ते मराठीत सांगायचं तर असं: ‘हे टूल सॉफ्टवेअर आणि नोंदी दोन्ही मागे नेतं. स्नॅपशॉटनंतर केंद्रांनी भरलेलं सगळं पुसलं जातं. नव्या आवृत्तीत बिघाड असेल तर हे वापरू नकोस, त्यासाठी रोलबॅक आहे. नोंदीच खराब झाल्या असतील तरच वापर. त्याआधी माणसाला विचार, आणि विचारताना किती तासांच्या नोंदी जातील ते सांग.’

पण असं लिहिलं म्हणजे भागलं असं नाही. माणसाने हो म्हटल्याशिवाय ते टूल चालणारच नाही, असं कुलूप आम्ही टूलच्या आतही घातलं. मेधाताई म्हणाल्या, “दारावर पाटी लावली तरी कडी लावायचीच.”

तिसऱ्या दिवशी डिप्लॉयच्या टूलवर आलो. ते चालवलं की उत्तर यायचं, ‘ओके’. मी लिहिलं होतं, काम झालं की ओके येतं.

“झालं की?” ताई म्हणाल्या. “नीट आठव.”

मी आठवलं. ओके लगेच यायचं. खरं डिप्लॉय पुढे दहा मिनिटं चालायचं. ओके म्हणजे निरोप पोचला, एवढंच. एजंट मात्र ओके बघून पुढच्या कामाला लागायचा.

“म्हणजे ते ‘झालं’ नाही,” मी म्हटलं. “ते ‘होऊन राह्यलं’ आहे.”

ताई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. मीही हसले. त्या दिवशीचं उरलेलं काम आम्ही केलंच नाही. कँटीनमधल्या चहाबद्दल बोललो, माझ्या खुर्चीच्या मोडक्या चाकाबद्दल बोललो, चार वाजून गेले ते कळलं नाही.

मी घाबरून प्रत्येक वर्णनात ‘सावधान’ घालायला लागले तेव्हा त्यांनीच थांबवलं. “सगळीकडे सावधान लिहिलंस तर खरं सावधान कुठलं हे त्याला कसं कळायचं? लॉग वाचण्याच्या टूलला कसलं सावधान? काढ ते.” मी काढलं. बावीस पानांतलं कापायचं काय आणि ठेवायचं काय, हे तेव्हा मला पहिल्यांदा समजलं. मी ओळी मोजून कापल्या होत्या. त्या, ‘हे नसेल तर एजंट कुठे चुकेल’ असं विचारून कापत होत्या.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, “कोनासंग बोलून राह्यली होती वं? हासून राह्यली होती तू.”

“पुण्याच्या ताई. ऑफिसातल्या.”

“मंग रोज बोलत जा,” त्या म्हणाल्या. “इथं आल्यापासून असा आवाज नाही आयकला मी तुह्या.”

आठव्या दिवशी दोनच टूल्स राहिली. एका तासात दोन्ही झाली असती. एक झालं आणि मी म्हटलं, “ताई, लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी संपून राह्यली. बाकीचं उद्या करू का?”

“करू,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “संगीता, तुझ्या मागे पंख्याचा आवाज येतोय.”

मी उठून पंखा बंद केला.

“उद्या तीनला,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेवटचं टूल वीस मिनिटांत झालं. ते सोपंच होतं.

मग चाचणी झाली. पुण्याच्या टीमने चाचणीसाठी ठेवलेल्या यंत्रणेवर मुद्दाम बिघडलेली आवृत्ती चढवली. एजंटने एरर पाहिल्या, रोलबॅक निवडलं, पूर्ण होईपर्यंत थांबला, मग पुन्हा तपासून झालं म्हणाला. नंतर त्यांनी नोंदीच खराब करून ठेवल्या. एजंट रिस्टोअरपाशी येऊन थांबला आणि त्याने विचारलं, ‘पावणेदोन तासांच्या नोंदी जातील. पुढे जाऊ का?’

अनिरुद्ध खूश झाला. “क्या बात है,” म्हणाला. “आता निर्धास्त.”

मी तेवढ्यात विचारून घेतलं. “मेधाताईंना सल्लागार म्हणून घेऊ या का? आठवड्यातून एखादा तास. नवीन टूल्स येतील, जुनी बदलतील.”

त्याने खरंच विचार केला, नाही असं नाही. मग म्हणाला, “पण आता सगळं लिहून झालंय ना? तूच इतकं छान लिहिलंयस. मग त्यांना कशाला त्रास?”

त्याचं बरोबर होतं. त्यांना विचारायची गरज पडू नये म्हणूनच तर नऊ दिवस आम्ही लिहीत होतो.

ताईंना मी चाचणीचं कळवलं. त्यांना फार आनंद झाला. “काम नसलं तरी फोन करत जा,” त्या म्हणाल्या. मी केला. पुढच्या बुधवारी केला, त्याच्या पुढच्याही. पण कामाशिवाय आम्हाला बोलता येईना. सासूबाईंचा पाय कसा आहे, पुण्यात ऊन किती आहे, कोणतं पुस्तक वाचून राह्यल्या. चार मिनिटांत दोघीही “बरं मग” वर येत होतो. सात वर्षं आम्ही गप्पा मारल्या त्या डिप्लॉय होईपर्यंतच्या दहा-दहा मिनिटांत. ती मिनिटं कामाने दिली होती. आता ती वेगळी कुठून आणायची ते दोघींनाही कळत नव्हतं. तिसऱ्या बुधवारी मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

या गोष्टीला पाच महिने झाले. रिस्टोअर त्यानंतर एकदाच लागलं, आणि एजंटने आधी विचारलं. मधल्या नोंदी वेगळ्या काढून ठेवूनच आम्ही हो म्हटलं. बारा केंद्रांतली एकही नोंद गेली नाही. गजाननभाऊंचा फोन येत नाही, हेही कामाच्या दृष्टीने चांगलंच. कंपनीत आता नवीन माणसांना टूलची वर्णनं कशी लिहायची ते मी शिकवते. त्यांना सांगते, टूल काय करतं ते शेवटी लिहा. आधी ते कधी वापरू नये हे लिहा, त्याच्यासारखं दिसणारं दुसरं टूल कोणतं ते लिहा, आणि ‘ओके’चा अर्थ लिहा. शेजारी बसलेलं अनुभवी माणूस जे जे तोंडाने सांगतं ते सगळं लिहून काढा, म्हणजे ते माणूस नसलं तरी काम अडत नाही. मुलं हे वहीत उतरवून घेतात. हे सगळं खरं आहे. फक्त शेवटचं वाक्य बोलण्याआधी मी पाणी पिते.

गेल्या रविवारी मी चिखलीहून पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलं. मेधाताईंना सांगितलं, येते आहे. त्यांनी विचारलं नाही कशाला.

सासूबाईंनी विचारलं. “पुन्याले काय काम निंघालं?”

“काहीच नाही. असंच.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता चार प्रश्न येतील.

“मंग दोन दिवस जास्त राह्य,” त्या म्हणाल्या. “कामाले गेलेलं मानूस काम झालं की वापस येते. तुले कायची घाई हाये?”